तळघराच्या पुस्तकातल्या चुका

शाळेचं वाचनालय दुसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या शेजारी होतं. त्यामुळे तिथल्या पुस्तकांना कायम गॅसचा आणि जळक्या काड्यांचा वास यायचा. ग्रंथपाल बाईंना तो आता जाणवत नसे. सत्तावीस वर्षांत नाक सरावलं होतं, गुडघे मात्र सरावले नव्हते. बेचाळीस पायऱ्या होत्या आणि बाई त्या रोज मोजायच्या. मोजल्या नाहीत तर जास्त वाटतात, असं त्यांचं म्हणणं.

मुलं त्यांना शू बाई म्हणत. हे नाव खरं तर त्यांच्या आधीच्या बाईंचं, त्या उठसूट शू शू करायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि नाव खुर्चीला चिकटून राहिलं. या बाईंनी गेल्या दहा वर्षांत कुणालाच शू केलं नव्हतं. गप्प करावं इतकी मुलं वाचनालयात यायचीच कुठे!

जी थोडी यायची त्यांत सातवीतली एक होती. चणीने इतकी लहान की सगळा वर्ग तिला चिमणी म्हणायचा. त्या वर्षी तिने एक कादंबरी नेली आणि तीनदा मुदत वाढवून घेतली. चौथ्यांदा ती मेजापाशी येऊन उभी राहिली तेव्हा बाई म्हणाल्या की नियमात तीनदाच बसतं, आणि एवढंसं पुस्तक, दीडशे पानांचं, दोन महिने कसं पुरतं?

चिमणीने सांगितलं की तिचं कधीच वाचून झालंय. आजीचं व्हायचंय. आजीला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ती मोठ्याने वाचून दाखवते, आणि आजी दर पानाला थांबवते.

ही कादंबरी सत्तरेक वर्षांपूर्वीच्या त्या युद्धावरची होती. शहराला वेढा पडल्यावर एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ सुताच्या गिरणीखालच्या तळघरात आठ दिवस काढतात, एवढीच गोष्ट. मुलं तिला तळघराचं पुस्तक म्हणायची. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी, असं मागच्या कव्हरवर छापलेलं होतं. बाईंनी रजिस्टरमध्ये चौथ्यांदा तारीख घातली. नियम मोडायला ताकद लागते असं लोक म्हणतात, पण त्यांना त्या दिवशी नियम पाळायची ताकद नव्हती, इतकंच.

पुढच्या सोमवारी मुख्याध्यापिकांनी त्यांना खाली बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं, चिमणीच्या वडिलांचं. गृहस्थ लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. अक्षर ठसठशीत होतं, जागोजागी खोडलेलं. त्यांनी लिहिलं होतं की शाळेने मुलांना असली पुस्तकं देऊ नयेत. त्यांची आई शहात्तर वर्षांची आहे. ते पुस्तक ऐकायला लागल्यापासून ती धड जेवत नाही, झोपेत बोलते, उशीखाली पावाचे तुकडे ठेवते. एका म्हातारीची ही गत होत असेल तर कोवळ्या मुलांचं काय होत असेल? पुस्तक काढून टाकावं, ही विनंती.

मुख्याध्यापिकांना पुस्तकांचा राग नव्हता, फायलींचा होता. आणि हे पत्र शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयातही गेलं होतं, त्यामुळे त्याला क्रमांक पडला होता. क्रमांक पडला की निकाल लावावा लागतो. त्यांनी तिघांची समिती नेमली: त्या स्वतः, इतिहासाचे सर आणि ग्रंथपाल. पुढच्या सोमवारी चार वाजता बैठक. बाईंनी तोवर एक टिपण लिहून आणायचं होतं, की लहान मुलांच्या वाचनालयात युद्धाच्या कादंबऱ्या का हव्यात. एका पानात बसवा, जास्त नको, असं त्या म्हणाल्या. त्यांचाही चेहरा त्या दिवशी ओढलेलाच होता.

इतिहासाचे सर जिन्यात भेटले. माणूस तसा सरळ होता. त्यांनी आपलं मत आधीच सांगून टाकलं. खोट्या मुलीची खोटी दुःखं वाचून इतिहास कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाठ्यपुस्तकात त्या युद्धावर दीड पान आहे आणि त्यातलं प्रत्येक वाक्य तपासलेलं आहे. बाई म्हणाल्या, बरं. वाद घालायचा तर निदान एका पायरीवर तरी नीट उभं राहता यायला हवं.

टिपण लिहायला त्या दोन दिवस बसल्या. मंगळवारी लिहिलं, की युद्धविषयक कादंबऱ्या वाचल्याने मुलांना भूतकाळाची जाणीव होते. वाक्य वाचून पाहिलं. असली वाक्यं त्यांनी जन्मभर लिहिली होती, खरेदीच्या अर्जांत, वार्षिक अहवालांत. त्यात चूक काहीच नव्हतं, पण ते त्यांना घशाखाली उतरेना. बुधवारी लिहिलं, की संवेदनशीलता वाढते. मग त्या पेन खाली ठेवून खिडकीतून बघत बसल्या. वाढते का खरंच? त्यांच्या हातून ही पुस्तकं नेलेली पहिली मुलं आता चाळिशीची झाली होती. कुणी औषधांचं दुकान चालवत होतं, कुणी गाड्या विकत होतं, एक जण तर शेजाऱ्याशी भिंतीवरून कोर्टात भांडत होता. इतर माणसांसारखीच झाली होती. मग ही सत्तावीस वर्षं आपण पुस्तकांवरची धूळ नेमकी कशासाठी झटकली? असा प्रश्न एकदा पडला की टिपण होत नसतं.

गुरुवारी चिमणी शाळेत आली नाही. समितीपुढे पुस्तक तर ठेवायला हवं होतं, आणि शाळेत त्याची एकच प्रत. बाईंनी रजिस्टरमधून पत्ता काढला आणि शाळा सुटल्यावर निघाल्या.

घर चौथ्या मजल्यावर निघालं. लिफ्टच्या दाराला ‘बंद आहे’ अशी पाटी होती आणि तिचा रंगही उडालेला होता. बाई दर मजल्यावर थांबत वर गेल्या. दार चिमणीच्या वडिलांनी उघडलं. अंगावर कामाचा डगला, नखांत ग्रीस. बाईंची अवस्था बघून त्यांनी आधी खुर्ची पुढे केली आणि लिफ्टबद्दल माफी मागितली. दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालू करून घरी येईतो आपली बघायचं त्राण राहत नाही, म्हणाले. बायको रुग्णालयात परिचारिका होती आणि त्या आठवड्यात तिची संध्याकाळची पाळी होती. मुलीला ताप वगैरे काही नव्हता. आजीजवळ कुणीतरी हवं म्हणून तिला घरी ठेवली होती.

बाईंनी येण्याचं कारण सांगितलं. ते म्हणाले, “घेऊन जा बाई ते पुस्तक. आत्ताच घेऊन जा.” आवाजात राग नव्हता. कित्येक दिवस पुरेशी झोप न मिळालेल्या माणसाचा तो आवाज होता.

आतल्या खोलीत आजी खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती आणि चिमणी पायाशी. पुस्तक दोघींच्या मध्ये उघडं पडलं होतं. बाईंनी ते उचललं आणि त्यांच्या लक्षात आलं की पानांच्या कडा पेन्सिलीने भरून गेल्यात. चिमणीचं अक्षर. ती एकदम उभी राहिली. शाळेच्या पुस्तकात लिहायचं नसतं हे तिला पाठ होतं. ती पुटपुटली की खोडता येईल, मुद्दाम पेन्सिल घेतली होती.

बाईंनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचलं.

तळघरात मेणबत्ती लावतात तिथे लिहिलं होतं: आजी म्हणते मेणबत्त्या पहिल्याच दिवशी संपल्या. बुटाच्या पॉलिशच्या डबीत चिंधीची वात घालून जाळायचे. धुराने नाकं काळी व्हायची. एकमेकांची नाकं बघून मुली हसायच्या.

दोन पानं पुढे: आजी म्हणते त्यांचं तळघर पावाच्या भट्टीखाली होतं. पाव नव्हता, पण भिंतीत मुरलेला वास होता. तो सगळ्यात वाईट.

पुढे, गोष्टीतला भाऊ सातव्या दिवशी रडतो तिथे: आजी म्हणते हे चूक. लहान मुलं सहाव्या दिवसापर्यंत रडतात. मग नाही रडत.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. बसल्यावर त्यांना जाणवलं की आपण विचारलंही नाही. आजीने त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं की हे लिहिणारी बाई तिथे होती का. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, नाही, तिचा जन्म नंतरचा. तिने कागदपत्रं वाचून, लोकांना भेटून लिहिलंय.

“मग बरंच जमलंय तिला,” आजी म्हणाली. “चुका आहेत, पण माणूस तिथे नसला की होतात. ही विचारते आणि मी दुरुस्त करते. चौतीस झाल्या ना गं?”

चिमणीने मान हलवली. चौतीस.

बाहेर स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. वडील चहा करत होते. आजी पुस्तकाकडे बोट करून म्हणाली की बाकीच्या चुका किरकोळ आहेत, एक मात्र मोठी आहे. आठव्या दिवशी सगळ्यांना तळघरातून बाहेर काढतात, ट्रकपर्यंत गर्दीतून चालवत नेतात. गोष्टीतली मुलगी भावाचं मनगट आपल्या मनगटाला ओढणीने बांधते आणि शेवटपर्यंत सोडत नाही.

“मला बांधायचं सुचलं नाही,” आजी म्हणाली. “मी नऊ वर्षांची, धाकटी पाच वर्षांची. आई पुढे, तिच्या डोक्यावर गाठोडं. धाकटी माझ्या हातात. चालताना माझा बूट निघाला. थंडी अशी होती की बूट गेला म्हणजे पाय गेला. बूट घालायला मी हात सोडला. चार श्वास. पाच असतील. वर बघितलं तर नुसते लोकांचे कोट.”

ती हे सगळं खालच्या, सपाट आवाजात बोलली. चिमणीला ते आधीच माहीत होतं, हे तिच्या बसण्यावरून कळत होतं. ती आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून होती.

दारात चहाचा ट्रे घेऊन तिचे वडील उभे होते. किती वेळ ते कुणालाच ठाऊक नाही. कदाचित आजीला ठाऊक असावं.

“मला मावशी होती?” ते म्हणाले.

“होती.”

त्यांनी ट्रे कुठे ठेवायचा ते बघितलं, जागा दिसली नाही, मग तो तसाच हातात धरून उभे राहिले. चव्वेचाळीस वर्षं, ते म्हणाले, या बाईच्या पोटी जन्मून मला चव्वेचाळीस वर्षं झाली. मग ते बाईंशी बोलू लागले, कारण आईशी बोलणं त्या क्षणी जमत नसावं. लहानपणी त्यांनी कितीदा विचारलं होतं. शाळेत युद्धाचा धडा आला तेव्हा विचारलं, आजोबा वारले तेव्हा विचारलं. दर वेळी आई समोर ताट वाढून खोलीतून निघून जायची. आणि आता हे सगळं त्या पोरीला सांगितलं. त्यांना नाही, पोरीला.

आजी म्हणाली, “तू विचारायचास, आई, युद्धात काय झालं? एवढ्या मोठ्या प्रश्नाला मी कुठून सुरुवात करणार होते? हिने विचारलं, आजी, तुझ्याबरोबर कोण होतं? मग विचारलं, तू तिला कुठल्या हाताने धरलं होतंस, डाव्या की उजव्या? पुस्तकातली मुलगी डाव्याने धरते म्हणून. याचं उत्तर माझ्याकडे होतं. उजव्या.”

“ती बारा वर्षांची आहे, आई. तिने हे का ऐकायचं?”

“मी नऊ वर्षांची होते.”

“म्हणून तर म्हणतोय,” ते म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं. चहा गार होत होता. शेवटी चिमणीने उठून ट्रे वडिलांच्या हातातून काढून घेतला आणि पलंगावरच ठेवला.

निघताना त्यांनी पुस्तक बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते परत केलं. त्या म्हणाल्या, “सोमवारी चार वाजेपर्यंत राहू दे इथेच. तुम्ही वाचा. पेन्सिलीचं धरून सगळं वाचा. मग तुम्हीच घेऊन या, आणि तेव्हाही काढून टाका म्हणालात तर मी वाद घालणार नाही.”

जिना उतरताना त्यांना वाटलं की आपण भलतंच कबूल करून बसलो. पण परत चार मजले चढून शब्द मागे घेण्याइतका दम नव्हता.

टिपण झालं नाहीच. खरं तर आता त्यांच्याकडे लिहिण्यासारखं होतं, पण ते त्यांचं नव्हतं. त्या घरातलं कुणाचं दुःख समितीपुढे मांडून एक कादंबरी वाचवायची, हे त्यांच्या मनाला पटेना. शनिवारी त्या कोरा कागद पुढे घेऊन बसल्या आणि तो तसाच घडी करून पिशवीत ठेवला. नवऱ्याने विचारलं की झालं का टिपण. त्या म्हणाल्या, झालं.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत चौघं बसली. चिमणीचे वडील कामावरून थेट आले होते, दाढी वाढलेली, पुस्तक एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. मुख्याध्यापिकांनी रीतीप्रमाणे विचारलं की पुस्तक कुणीकुणी वाचलंय. सर म्हणाले, चाळलंय. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण एकुलती एक प्रत दोन महिने त्या घरात होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या की त्यांना वेळच मिळाला नाही. बाईंनी दोनदा वाचलं होतं, पण त्याला आठ वर्षं झाली होती.

“मी काल संपवलं,” चिमणीचे वडील म्हणाले.

काल सुट्टी असूनही त्यांना एका इमारतीत जावं लागलं होतं. लिफ्टचा सुटा भाग यायला चार तास लागले आणि तेवढा वेळ गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत बसून त्यांनी ते वाचलं होतं. तक्रार मागे घेतो, म्हणाले.

इतिहासाच्या सरांना हे पटलं नाही. ते शांतपणे म्हणाले की प्रश्न तक्रारीचा नाही, तत्त्वाचा आहे. कादंबरीत काय खरं आणि काय बनवलेलं ते मुलांना कळत नाही. अशा पुस्तकात चुका असतात आणि त्या मुलांच्या डोक्यात कायमच्या बसतात.

“आहेत ना,” चिमणीचे वडील म्हणाले. “चौतीस आहेत. माझ्या आईने काढल्यात.” बोलायची सवय नसलेला माणूस होता, वाक्य आधी मनात जुळवून घेत होता. “सर, तुमचा धडाही माझ्या मुलीने तिला वाचून दाखवला. दीड पान. आईने ऐकलं, म्हणाली, बरोबर आहे सगळं. आणि कूस बदलून झोपली. त्यात तिला एकही चूक सापडली नाही म्हणून ती पुढे एक शब्द बोलली नाही. या पुस्तकातली मुलगी मेणबत्ती लावते, तेव्हा ती उठून बसली. म्हणाली, मेणबत्त्या कुठल्या?”

सरांनी टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला.

“मी बारा वर्षांचा असताना मला कुणी असं काही वाचायला दिलं असतं,” चिमणीचे वडील म्हणाले, “तर मला नीट विचारता आलं असतं. मला फक्त सन पाठ होते.”

मावशीचा विषय त्यांनी काढला नाही. पुस्तक फडक्यासकट टेबलावर ठेवलं, पण उघडून कुणाला दाखवलं नाही. बाईंनी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. मग मुख्याध्यापिकांनी बाईंना विचारलं की टिपण आणलंय का. त्या म्हणाल्या की आणलं नाही, आणि या गृहस्थांनी सांगितलं त्यात घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

एवढ्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं, पण तसं झालं नाही. तक्रार मागे घेतली तरी फाइलचा क्रमांक मागे घेता येत नव्हता. वर काहीतरी कळवणं भाग होतं. मुख्याध्यापिका अर्धा तास त्या वाक्याशी झटापट करत राहिल्या आणि शेवटी मधला मार्ग निघाला: पुस्तक वाचनालयातच राहील, पण कुलपाच्या कपाटात, आणि पालकांची सही असलेली चिठ्ठी आणली तरच मिळेल. नुसतं तेच नाही, युद्धावरची सगळी. सरांनी अनुमोदन दिलं. चिमणीचे वडील म्हणाले की हे त्यांनी मागितलं नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की त्यांना कळतंय. दहा वर्षांपूर्वी बाई भांडल्या असत्या. त्या दिवशी त्यांना फक्त कपाटाची किल्ली कुठे असेल एवढंच आठवायचं होतं.

मंगळवारी त्यांनी युद्धावरची पुस्तकं खाली उतरवली. सव्वीस निघाली. दोन फेऱ्यांत ती कपाटात नेली आणि कुलूप घातलं. तळघराच्या पुस्तकाबद्दल मात्र नियम त्यांच्या बाजूने होता. ज्या पुस्तकात लिखाण झालंय ते खराब धरतात आणि नवी प्रत मागवतात. त्यांनी पहिल्या पानावर ‘बाद’ असा शिक्का मारला, नव्या प्रतीसाठी अर्ज लिहिला आणि बाद झालेलं पुस्तक घेऊन रविवारी परत ते चार मजले चढल्या.

आजीची तब्येत काही एकदम सुधारली नव्हती. पाव अजून उशीखाली असायचा. सून सकाळी पाळीला निघण्याआधी शिळा तुकडा काढून ताजा ठेवायची, काही न बोलता. चिमणीला पुस्तकाचा पुरता कंटाळा आला होता आणि ती दुसऱ्या खोलीत भुताची गोष्ट वाचत होती. शिक्का बघून आजीला हसू आलं. बाद, ती म्हणाली, चांगलं आहे, आता आमचंच झालं.

बाईंनी भीतभीतच विचारलं की सांगितल्यावर थोडं तरी हलकं वाटतंय का.

आजीने विचार केला. “मोकळं वाटतं म्हणतात सगळे. मला नाही वाटलं. पण परवा माझा मुलगा इथे येऊन बसला आणि विचारलं, मावशी कशावर रुसायची? मला आठवलंच नाही. दोन दिवस डोकं खाजवलं. मग आठवलं, केस विंचरताना.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “आता या घरात तिघांना ठाऊक आहे की ती केस विंचरताना रुसायची. मी गेल्यावरही असेल.”

बाईंनी मान हलवली. आपल्याला जे एक पान लिहायचं होतं ते असंच काहीतरी असावं, असं त्यांना वाटलं. पण आता ते कुणी मागत नव्हतं.

त्या वर्षी सगळ्या शाळेतून नऊ चिठ्ठ्या आल्या. आधी वर्षाला तीस-चाळीस मुलं ती पुस्तकं न्यायची. बाकीच्यांनी घरी सही मागायचा त्रास घेतला नाही, आणि बाईंना त्यांचा राग आला नाही. सही मागायची म्हणजे का मागतोस ते सांगावं लागतं.

नववी चिठ्ठी सहावीतल्या एका मुलीची होती. तिने नवी कोरी प्रत नेली आणि चार दिवसांत परत आणली. बाईंनी विचारलं, आवडलं का. ती म्हणाली हो, आणि तिथेच घुटमळत राहिली. मग म्हणाली की तिच्या घरी विचारायला कुणी उरलंच नाही. आजी-आजोबा चारही गेले आणि आई-बाबांना काही माहीत नाही. तिने प्रश्न काढून ठेवलेत, पण ते आता कुणाला विचारायचे?

तास संपायला वीस मिनिटं होती. बाईंनी पायाखालचं स्टूल ओढून तिला बसायला दिलं. म्हणाल्या, माझी आई त्या युद्धात होती. पण मी तिला कधी विचारलं नाही, त्यामुळे माझ्यावर फार भिस्त ठेवू नकोस. तरी वाच बघू.

मुलीने दप्तरातून कागद काढला. सतरा प्रश्न होते, आकडे घातलेले. पहिल्याला बाईंना माहीत नाही म्हणावं लागलं. दुसऱ्यालाही. मुलीने दोन्हींपुढे इमानदारीत फुल्या मारल्या. तिसरा प्रश्न होता की पाणी कुठून आणायचे आणि किती जणांत किती मिळायचं.

बाई माहीत नाही म्हणणारच होत्या, पण थांबल्या. त्यांची आई जन्मभर घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची. पातेली, बादल्या, फुलदाणीसुद्धा. नळाला दिवसभर पाणी असायचं, तरीही. आणि घरी आलेल्या मैत्रिणींना ती भांडी दाखवून बाई स्वतः लहानपणी किती हसल्या होत्या.

“लिही,” बाई म्हणाल्या. “किती मिळायचं ते ठाऊक नाही. पण पुरत नसावं.”